पाणी कोणी दिले? स्वस्त हत्यारांच्या भरवशाचा इतिहास

विळा विकत घेताना त्याचा सर्वांत महत्त्वाचा गुण दिसत नाही. आकार दिसतो, मूठ हाताला लागते, वजन कळते, धारेवरून अंगठा फिरवता येतो. पण पाते खरोखर पोलादाचे आहे का, त्याला पाणी नीट दिले आहे की नुसतेच घासून चमकवले आहे, हे आठ-दहा दिवसांच्या कापणीनंतर समजते. तोवर पैसे दिलेले असतात आणि हंगाम अर्ध्यावर आलेला असतो. श्रीमंताला ही अडचण कमी जाणवते. तो महागाचे घेतो आणि फसला तर दुसरे घेतो. ज्याच्याकडे एकाच विळ्याचे पैसे आहेत, त्याच्यासाठी मात्र प्रश्न नेहमी एकच असतो: जे दिसत नाही, त्याची हमी कोणाची? आजचा धागा या प्रश्नाच्या उत्तरांचा आहे आणि त्याची सुरुवात बागलाणातून.

आरम नदीच्या काठचे सटाणा हे बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण. इतिहासप्रेमींना हा मुलूख १६७२ च्या साल्हेरच्या लढाईमुळे ठाऊक असतो, भाविकांना देवमामलेदार यशवंतराव महाराजांमुळे. साल्हेरच्या तलवारींवर भरपूर लिहिले गेले आहे. त्याच मुलखातल्या खुरप्या-विळ्यांवर, कुदळी-कुऱ्हाडींवर फारसे कोणी लिहीत नाही. वास्तविक दोन्ही एकाच भट्टीची लेकरे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बागलाणातील शेतकऱ्याचे हत्यार दुकानातून येत नसे. ते गावच्या लोहाराकडून येई. लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. लोखंड आणि कोळसा बहुधा शेतकऱ्याचा, मेहनत लोहाराची. फाळ शेवटणे, विळ्याला धार लावणे, कुदळीचे टोक सारखे करणे ही वर्षभराची कामे बलुत्यात येत आणि त्यांचा मोबदला सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आहे, आणि ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते. येथे हमीसाठी वेगळ्या कागदाची गरजच नव्हती. विळ्याची धार चौथ्या दिवशी गेली, तर शेतकरी त्याच भट्टीवर परत जाणार आणि खळ्यावर बलुते मोजून देताना ती गोष्ट त्याच्या ध्यानात राहणार.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची प्रथा आहे. ती पाळण्याचे कारण नाही. लोहाराला गाव सोडण्याची आणि शेतकऱ्याला लोहार बदलण्याची मोकळीक फारशी नव्हती. धंदा जातीने ठरलेला, हक्क वतनाचा. लोहाराच्या हातात कसब नसेल, तर साऱ्या गावाने पिढीभर वाईट हत्यारे वापरायची. हमी होती, निवड नव्हती.

निवड मिळे ती बाजारात, आणि तेथे भेटत ते घिसाडी, म्हणजेच गाडी लोहार. बैलगाडीवर संसार, गावाबाहेर पाल, रस्त्याच्या कडेला जमिनीत रोवलेली ऐरण. एकाने सांडशीत तापलेले लोखंड धरायचे आणि घरच्या बाईने उभ्याने घण घालायचा, हे दृश्य महाराष्ट्रात आजही दिसते. घिसाडी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी असणार, म्हणजे तक्रार घेऊन परत जाण्याची सोय नाही. तरीही लोक त्यांच्याकडून घेत. कारण सरळ आहे. वस्तू डोळ्यांदेखत घडत असे. कोणते लोखंड भट्टीत गेले, किती वेळ तापले, केव्हा पाण्यात बुडवले, हे गिऱ्हाईक समोर बसून पाहत असे. बलुतेदाराची हमी त्याच्या कायम तेथे असण्यात होती, घिसाड्याची हमी त्याच्या उघड्यावर काम करण्यात.

येथे थोडे धातूशास्त्र आवश्यक आहे, कारण पुढची सारी फसवणूक त्यावर उभी आहे. शुद्धतेच्या जवळचे लोखंड मऊ असते, त्याला धार धरत नाही. त्यात कार्बनचे प्रमाण साधारण ०.६ ते ०.८ टक्के असले, तर असे पोलाद लालबुंद करून झटकन पाण्यात बुडवताच कठीण होते; मात्र काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा हलके तापवावे लागते. घासून उजळ केलेल्या पात्यावर तेव्हा रंग चढत जातात: सुमारे २३० अंश सेल्सियसला गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबायचे, घाव सोसणाऱ्या हत्याराला त्याच्या पुढे जायचे. लोहाराजवळ तापमापक नव्हता. त्याच्याजवळ या रंगांची ओळख होती. मराठीत या साऱ्या क्रियेला 'पाणी देणे' म्हणतात, आणि पाणीदार हे विशेषण तलवारीवरून माणसांपर्यंत पोहोचले आहे.

पोलाद महाग होते, म्हणून जुने लोहार पाते साध्या लोखंडाचे घडवत आणि फक्त धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, ठोकून त्यात बसवत. ती पट्टी झिजून संपली की हत्यार संपले. जाणकार गिऱ्हाईक विळा हातात घेऊन धारेजवळची ही सांध्याची रेघ शोधत असे.

ही दुनिया बदलली ती लोहमार्गाने. १८६५ साली थळ घाटातून, म्हणजे कसाऱ्याच्या बाजूने, रेल्वे वर चढली आणि मुंबई बंदरावर उतरलेला माल नाशिक-मनमाडच्या पट्ट्यात पोहोचू लागला. सटाण्याला लोहमार्ग आजही नाही. तेथे माल गाडीरस्त्यानेच यायचा. विलायती लोखंडाच्या सळ्या आणि पट्ट्या आल्या, त्यामागून तयार कानशी, करवती, पटाश्या आणि चाकू आले. लोहाराला लोखंड स्वस्त झाले, ही गोष्ट खरी. पण त्याच वेळी आणखी एक बदल घडला, ज्याची चर्चा कमी होते.

१८५६ साली हेन्री बेसेमर याने वितळलेल्या बिडातून हवा फुंकून पोलाद करण्याची रीत जाहीर केली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पोलादाची किंमत कोसळली. बाजारात 'पोलाद' या नावाने जे येऊ लागले, ते बहुतांशी मवाळ पोलाद होते. पूल, रूळ, तुळया यांसाठी उत्तम. पण त्यातला कार्बन साधारण पाव टक्क्याहून कमी. असे पोलाद कितीही तापवा आणि कितीही बुडवा, ते हत्याराला हवे तितके कठीण होत नाही. दिसायला मात्र ते हुबेहूब सारखे. पूर्वी लोखंड आणि पोलाद यांतला फरक किमतीनेच सांगितला जाई. आता दोन्हींना एकच नाव, एकच चकाकी. बनवणारा हजारो मैलांवर, विकणारा मधला, आणि घेणारा सटाण्याच्या पेठेत अंगठ्याने धार तपासणारा.

अशा वेळी गिऱ्हाईक काय पाहणार? ते शिक्का पाहू लागले. इंग्लंडमधील शेफील्ड हे शहर कात्र्या, चाकू आणि हत्यारांसाठी जगभर नावाजलेले होते. तेथील कारागिरांची संस्था १६२४ पासून प्रत्येक कारागिराची खूण नोंदवून ठेवत असे. नाव मोठे झाले की त्याची चोरी होते. जर्मनीतील झोलिंगेन आणि आसपासचा स्वस्त माल शेफील्डची नावे कोरून विकला जाऊ लागला. शेफील्डकरांनी आरडाओरड केली. (त्यांच्याच शहरात बिडाच्या कात्र्या पोलादाच्या म्हणून विकणारे होते, हे सांगायला ते विसरत.) जर्मन माल खरोखरच हलका होता का? १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जर्मनीचा प्रतिनिधी म्हणून गेलेल्या फ्रान्झ रॉयलो या अभियंत्याने आपल्याच देशबांधवांना जाहीरपणे सुनावले होते की आपला माल स्वस्त आहे आणि वाईटही आहे. त्यावर जर्मनीत मोठे वादळ उठले.

१८८७ साली ब्रिटिश संसदेने व्यापारी चिन्हांचा कायदा केला: परदेशी मालावर इंग्रजी वाटेल असे नाव किंवा खूण असेल, तर तो कोणत्या देशाचा हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. हेतू जर्मन मालाला बदनाम करण्याचा होता. घडले उलट. जर्मन कारखानदारांनी दर्जा सुधारला आणि 'मेड इन जर्मनी' हे शब्द गिऱ्हाईक मुद्दाम शोधू लागले. १८९६ साली अर्नेस्ट विल्यम्स याने नेमके हेच शीर्षक देऊन पुस्तक लिहिले आणि इंग्रज वाचकाला त्याच्या घरातल्या किती वस्तूंवर हा शिक्का आहे ते मोजून दाखवले.

हिंदुस्थानात याच धर्तीचा कायदा १८८९ साली आला. पण येथील पेठेत एक वेगळी गुंतागुंत होती. इंग्रजी अक्षरे वाचणारे गिऱ्हाईक थोडे; म्हणून मुंबई-कलकत्त्याच्या आयातदार पेढ्या मालावर चित्रे छापत. मँचेस्टरच्या कापडावरची रंगीत चित्रे प्रसिद्धच आहेत. हत्ती, मोर, घोडा, देवदेवता. हीच 'छाप' इतर मालावरही आली, आणि गिऱ्हाईक कारखान्याचे नव्हे, छापेचे नाव घेऊन वस्तू मागू लागले. आज ज्याला दुकानाचा स्वतःचा ब्रँड म्हणतात, त्याचा हा आपल्याकडचा पूर्वज. माल कोणीही बनवावा, नाव विकणाऱ्याचे. पेढी प्रामाणिक असेल तर ती चांगला कारखाना निवडून देते. नसेल तर यंदा शेफील्डचा आणि पुढच्या वर्षी आणखी कोठला तरी हलका माल त्याच हत्तीखाली खपवते. हत्ती तोच राहतो.

विकणाऱ्याचे नाव की बनवणाऱ्याचे, हा वाद मुंबईत एका तरुणाच्या आयुष्यात फार टोकदारपणे उभा राहिला. १८९० च्या दशकाच्या मध्यास आर्देशर गोदरेज यांनी मेरवानजी कामा यांच्याकडून ३,००० रुपये उसने घेऊन शस्त्रक्रियेची हत्यारे, चिमटे आणि सुऱ्या बनवायला घेतल्या. मुंबईतील एका नामांकित औषधविक्रेत्या पेढीकडे ती विकली जाणार होती. दर्जाबद्दल तक्रार नव्हती. अडले ते शिक्क्यावर. आर्देशरांना हत्यारांवर ती हिंदुस्थानात बनल्याचे लिहायचे होते. पेढीच्या मालकाचे म्हणणे असे की तसे लिहिले तर कोणी घेणार नाही. आर्देशर हटले नाहीत आणि तो धंदा बंद पडला. १८९७ साली त्यांनी कुलपे करायला सुरुवात केली; पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की तीच सुरी, तेच पोलाद, तेच पाणी असूनही एका ओळीने तिची किंमत शून्य होत होती. शिक्का गुणाची हमी देतो, तसाच तो खऱ्या गुणाला झाकूनही टाकतो.

दुसरी गोष्ट नांगराची. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवता चालवता कडबा कापण्याचे यंत्र आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला. तो पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. लोखंडाने जमिनीत विष पसरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती म्हणे. ही गोष्ट नेहमी हसण्यावारी नेली जाते, आणि तसे करणे अन्यायाचे आहे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करी, फाळ झिजला तर लोहार शेवटून देई. बिडाचा ओतीव भाग तडकला तर गावात कोणाच्याही भट्टीवर तो सांधता येत नसे. शेतकऱ्याने विषाचे नाव घेतले असेल. पण ऐन पेरणीच्या तोंडावर मोडलेला नांगर घेऊन जायचे कोठे, ही भीती पूर्णपणे व्यवहारी होती. ज्या वस्तूच्या पाठीशी कोणी माणूस उभा दिसत नाही, ती घ्यायची कशी?

किर्लोस्करांनी तो माणूस उभा केला. १९१० साली औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ जागा दिली आणि किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली. पुढे मराठी वाङ्मयात मोठे नाव झालेले हे मासिक आरंभी कारखान्याची आणि मालाची माहिती देणारे पत्रक होते, हे वाङ्मयाचे इतिहासकार सांगतात खरे, पण जरा घाईत. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ मोठा आहे. बनवणारा आता नावानिशी, गावाच्या पत्त्यानिशी, आपल्या भाषेत बोलत होता. बलुतेदार लोहाराचे तोंड ओळखीचे असायचे. कारखान्याने छापील पानावर तसेच ओळखीचे तोंड निर्माण केले.

याच काळात अमेरिकेत विकणाऱ्याच्या नावानेच ही अडचण सोडवण्याचा सर्वांत यशस्वी प्रयोग झाला. सीअर्स या टपालाने माल विकणाऱ्या प्रचंड दुकानाने १९२७ साली 'क्राफ्ट्समन' हे चिन्ह अवघ्या ५०० डॉलरना विकत घेतले. सीअर्स स्वतः पाने-हातोडे बनवत नसे. निरनिराळ्या कारखान्यांकडून बनवून घेई. पुढे या हातहत्यारांवर आजन्म हमी मिळू लागली: मोडले तर दुकानात आणा, बदलून न्या. जे दिसत नाही ते दाखवण्याचा प्रयत्नच त्यात नव्हता. पोलाद वाईट निघाले तर भुर्दंड दुकानाला, एवढेच. दुकान टिकून राहील तोवर ही हमी चालते. २०१७ साली सीअर्सने हेच चिन्ह स्टॅनली ब्लॅक अँड डेकर या कंपनीला विकले, आणि त्यानंतरच्या वर्षी सीअर्सचे दिवाळे निघाले.

स्वतंत्र भारताने तिसरा रस्ता धरला: बनवणाराही नको, विकणाराही नको, हमी शासनमान्य मापाची. भारतीय मानक संस्था १९४७ च्या आरंभी स्थापन झाली, १९५२ साली प्रमाणन चिन्हांचा कायदा झाला आणि 'आयएसआय' ही तीन अक्षरे घराघरांत पोहोचली. हातोड्याच्या पोलादापासून पकडीच्या कठीणपणापर्यंत प्रत्येकाचे मानक लिहिले गेले. लोहाराच्या डोळ्यातला गवती पिवळा रंग आता कठीणपणाच्या आकड्यात मोजला जाऊ लागला.

तोवर सटाण्याची गरजही बदलली होती. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, पुढच्या दशकांत विहिरींवर विजेचे पंप बसू लागले, आणि खुरपे-विळ्यांच्या शेजारी पाने, पकड आणि पेचकस येऊन बसले. ही हत्यारे गावचा लोहार करू शकत नव्हता. मोटार जळाल्यावर नटाच्या कडा खाणारा मऊ पाना हाती असला म्हणजे पाण्याची एक पाळी जाते, हे दुःख नवे होते. नेमक्या याच काळात नाशिकजवळ सातपूरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि तेथे टपारिया टूल्स या कंपनीने १९६९ साली एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारांचे उत्पादन सुरू केले. स्वीडनचे नाव येथे योगायोगाचे नाही. आज प्रत्येक फिटरच्या पिशवीत असणारा, जबडा मागेपुढे सरकणारा पाना योहान पेटर योहानसन या स्वीडिश कारागिराने १८९० च्या दशकाच्या आरंभी ज्या रूपात सिद्ध केला, तेच रूप जगभर चालते. सातपुरात बनलेली पकड सटाण्याच्या हार्डवेअर दुकानात पोहोचायला सुमारे नव्वद किलोमीटर लागतात. विलायती हत्तीच्या छापेपेक्षा हा प्रवास बराच छोटा.

पण स्वस्ताचा शोध थांबलेला नाही, आणि थांबण्याचे कारणही नाही. दुकानदाराच्या फळीवर आज नामांकित पकडीच्या शेजारी तिच्या निम्म्या किमतीची, कधीही न ऐकलेल्या नावाची पकड टांगलेली असते. एकाच साच्यातून निघालेला माल तीन आयातदारांच्या तीन नावांनी विकला जातो. 'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरे कोणत्याही धातूवर उठवता येतात, आणि वरचा चकचकीत मुलामा आतले मवाळ पोलाद झाकतो. १८८९ च्या गिऱ्हाइकाला हे सारे ओळखीचे वाटले असते.

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, म्हणजे कसमादे, हा पट्टा आता द्राक्षे, डाळिंब आणि कांद्याचा. येथे स्वस्त हत्याराची किंमत नव्या प्रकारे मोजली जाते. बोथट कात्रीने डाळिंबाची फांदी कापली जात नाही, चिरडली जाते. चिरडलेली जखम लवकर भरून येत नाही. त्यात तेल्या रोगाचे जिवाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाण्याचा एक मार्ग ही कात्रीच आहे, म्हणून छाटणी करताना पाती पुन्हा पुन्हा निर्जंतुक द्रावणात बुडवावी लागतात. हलक्या कात्रीचे पाते अशा द्रावणात दोन दिवसांत गंजते. वाचवलेले पैसे शंभर-दोनशे, जोखीम सबंध बागेची. द्राक्षाच्या छाटणीला येणारे मजूर म्हणूनच पुष्कळदा बागाईतदाराची कात्री घेत नाहीत, स्वतःची आणतात.

आणि कोयता? तो अजूनही लोहाराकडे होतो. कारखान्यात बनलेला, रंगवलेला कोयता दुकानात मिळतो; तरी पुष्कळ शेतकरी जुन्या मालमोटारीच्या कमानपाट्याचा तुकडा घेऊन भट्टीवर जातात. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास असतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. त्यांनी एवढेच पाहिलेले असते की या पाट्याने वर्षानुवर्षे भरल्या गाडीचा भार सोसला आणि तो मोडला नाही. लोहार तो पाटा लाल करतो, ठोकतो, पाण्यात बुडवतो, पुन्हा निखाऱ्यांवर धरतो आणि रंग चढण्याची वाट पाहतो. गिऱ्हाईक समोरच बसलेले असते.